घडीच्या पुस्तकाची कुळकथा

पाठकोरा कागद घ्या, ए-फोर आकाराचा. मधोमध दुमडा, मग पुन्हा, आणि आणखी एकदा. उलगडल्यावर आठ चौकटी दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा कागद अर्धा दुमडून, घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर फक्त एका चौकटीपुरती कात्री चालवा. कागद उघडला की बरोबर पोटात एक लांब चीर दिसेल. लांब कडा जुळवून दुमडायचं, दोन्ही टोकं आत ढकलायची. चीर फाकते, अधिकचं चिन्ह तयार होतं, आणि पानं एकमेकांवर बसवली की हातात पुस्तक येतं. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि आत सहा पानं. डिंक नाही, दोरा नाही, स्टेपलरची पिनसुद्धा नाही. पान साडेसात बाय साडेदहा सेंटिमीटरचं, शर्टाच्या खिशात सहज मावणारं.

तिसरी-चौथीच्या वर्गात हे करून दाखवलं की "बाई, परत एकदा!" हे ठरलेलं. खरी गंमत नंतर कळते. सगळ्या पानांवर चित्रं काढून झाल्यावर पुस्तक पुन्हा उलगडून सपाट केलं, तर एका रांगेतली माणसं, घरं, झाडं खाली डोकं वर पाय करून उभी असतात. छापखान्यात काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही. मोठ्या तावावर पानं अशीच उलटसुलट लावतात, घडी पडली की ती सरळ होतात. मुलं मात्र कागद गोल फिरवून फिरवून बघत बसतात.

मग "यात तुझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट लिही" असं सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून विचारलं जातं, "खरीच लिहायची का, बाई?"

हा प्रश्न पडावा याला मोठा इतिहास आहे. घडी घातलेला कागद आणि मुलाने स्वतःची सांगितलेली गोष्ट ही दोन वेगळी घराणी. दोन्ही जुनी. त्यांची सोयरीक मात्र अगदी अलीकडे जुळली. आणि उशीर कागदामुळे झाला नाही, मुलाला सांगण्यासारखं काही असतं यावर मोठ्यांचा विश्वास नव्हता म्हणून झाला, असं माझं मत आहे.

आधी घडीचं घराणं पाहू. चीनमध्ये तांग राजवटीत बौद्ध सूत्रं लांबलचक गुंडाळ्यांवर लिहीत. पठण करणाऱ्या भिक्षूला मधलाच एखादा भाग हवा असला तर अख्खी गुंडाळी सोडत बसावं लागे. तोच कागद पुढे-मागे दुमडला तर हवा तिथे उघडता येतो. एवढ्याशा सोयीतून घडीची पोथी आली, जपानने ती उचलली. ब्रह्मदेशात आणि सयाममध्येही झाडांच्या सालींपासून केलेल्या जाड कागदाच्या अशाच पोथ्या होत्या. आपल्या शेजारी कर्नाटकात 'कडत' असे. कापडाला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड चोपडून काळं करायचं, घड्या घालायच्या आणि पांढऱ्या दगडी पेन्सिलीने लिहायचं. व्यापारी त्यावर हिशेब ठेवत. पुसून पुन्हा लिहिता येई, म्हणजे घडीची पाटीच म्हणायची.

माणसाचं चरित्र घडीत बसवलं ते मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांनी. ब्रिटिश म्युझियममध्ये 'कोडेक्स झूश-नट्टल' नावाची एक पोथी आहे. हरणाचं कातडं जोडून जोडून केलेली, वर पांढरा लेप दिलेली, उलगडली तर सुमारे 11 मीटर लांब. तिच्या एका बाजूला 'आठ हरीण' या राजाची हकिकत आहे. हा अकराव्या-बाराव्या शतकातला माणूस. त्याचं नाव म्हणजे त्यांच्या पंचांगातला त्याचा जन्मदिवस. त्याच्या लढाया, तह, विधी, त्यात राजेपदासाठी नाक टोचून घेण्याचा विधीसुद्धा, सगळं चित्रांत. वाक्यं नाहीत. पानांवर उभ्या लाल रेघा आहेत, त्या मध्येच तुटतात, आणि जिथे तुटतात तिथून नजर पुढच्या रकान्यात वळते. असं नागमोडी वाचत जायचं. ज्या मुलाला अजून जोडाक्षरं येत नाहीत त्याच्या पुस्तकालाही नेमकं एवढंच लागतं: चित्र, नजरेला वाट दाखवणारी रेघ आणि घडी. तिकडेच युकातानमध्ये माया लोकांची अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीवर लिहिलेली घडीची पुस्तकं होती. 1562 मध्ये दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मानी गावात त्यांची होळी केली. आज अशी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

युरोपात छपाई आली तशी घडी बाजारात आली. एक ताव छापायचा, आठ, बारा किंवा चोवीस पानं होतील असा दुमडायचा आणि फेरीवाल्याच्या पेटीत टाकायचा. त्यात दरोडेखोरांच्या गोष्टी, भुतांच्या गोष्टी, गाणी. ब्राझीलमध्ये अशाच पुस्तिका बाजारात दोरीवर टांगून विकतात. आपल्या जत्रांत आरतीसंग्रह आणि व्रतकथांच्या पुस्तिका मांडलेल्या असतात त्याही याच जातीच्या. ज्याच्याकडे पैसे थोडे त्याच्यासाठी घडी, हे सगळीकडचं सूत्र.

मुलांसाठी म्हणून घडी विकली ती लंडनच्या रॉबर्ट सेयर या चित्र-विक्रेत्याने, 1765 च्या सुमारास. एका कागदाच्या चार घड्या आणि त्यावर वर-खाली उघडणाऱ्या झडपा. झडप उचलली की विदूषकाचं रूप बदले. साधी प्रत सहा पेन्सला, रंगवलेली शिलिंगला. याच जातीच्या आणखी जुन्या पुस्तिकांमध्ये झडप उचलताच आदमची ईव्ह होई किंवा ईव्हची जलपरी. अमेरिकेतल्या मुलांनी तशा पुस्तिका घरी हाताने तयार केल्या, त्यातल्या काही तिथल्या ग्रंथसंग्रहांत आहेत. चित्रं वेडीवाकडी, अक्षर कच्चं, कागद मळका. पण आतली गोष्ट तीच, आदम-ईव्हची. हात मुलाचा, गोष्ट दुसऱ्याची. ही जुनी खोड अजून गेलेली नाही, तिच्याकडे पुढे येईन.

यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्रीबाबांच्या घरात मात्र वेगळं काही चाललं होतं. 1826 च्या जूनमध्ये पॅट्रिक ब्राँटे लीड्सहून मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी घेऊन आले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चौघांनी एकेक शिपाई आपला केला, त्यांना नावं दिली, राज्यं दिली, आणि पुढे त्या शिपायांना वाचता येतील एवढ्या मापाची पुस्तकं लिहिली. 1830 चं शार्लटचं 'यंग मेन्स मॅगझिन' 35 बाय 61 मिलिमीटरचं आहे. त्या वीस पानांत चार हजारांवर शब्द. अक्षर छापल्यासारखं आणि इतकं बारीक की भिंग लागावं. कागद महाग होता, म्हणून साखरेच्या पुड्यांचे कागद, भिंतीला लावायच्या कागदाचे तुकडे असं जे हाती लागेल ते कापून, दुमडून, सुईदोऱ्याने शिवलेलं. शार्लटने बाराव्या वर्षाच्या आसपास केलेलं एक पुस्तक धाकट्या ॲनसाठी आहे आणि त्यातल्या मुलीचं नावही ॲनच आहे. 'यंग मेन्स मॅगझिन'चा तो अंक 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात 6 लाख युरोंना गेला आणि हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयात परतला.

अक्षर मुद्दाम बारीक ठेवण्याचं आणखी एक कारण सांगतात, ते मला पटतं. मोठ्यांना ते सहजासहजी वाचता येऊ नये. हे सगळं घरात झालं, शाळेत नव्हे, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

कारण शाळा नावाच्या ठिकाणी मूल लिहायचं ते दुसऱ्याचं. आपल्या पंतोजींच्या शाळेत आधी धुळाक्षरं, मग कित्ता, मग मोडीत पत्रांचे मायने, कर्जरोख्याचा मसुदा, पावक्या-निमक्या. व्यवहाराला उपयोगी, यात वाद नाही. पण मुलाने स्वतःचं एखादं वाक्य लिहावं अशी त्या लेखनात जागाच नव्हती. त्या काळच्या युरोपातल्या शाळा यापेक्षा फार निराळ्या होत्या असंही नाही.

म्हणून 1855 साल महत्त्वाचं. त्या वर्षी 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला, 'मांग-महारांच्या दुःखाविषयी'. मुक्ता जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, जातीने मांग. शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षं झालेली. तिने आपल्या लोकांवर झालेले जुलूम नाव घेऊन सांगितले, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगितले, आणि आम्हाला धर्मग्रंथ वाचायची बंदी असेल तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न विचारला. दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून या निबंधाचा उल्लेख होतो, तो योग्यच. पण तो एका शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध आहे, ही बाजू आपण विसरतो. कित्त्याच्या काळात कोणीतरी तिला म्हणालं असणार की तुला जे ठाऊक आहे तेच लिही.

पुढच्या सात वर्षांत रशियात एक गोष्ट घडली. लिओ टॉलस्टॉयने 1859 मध्ये आपल्या यास्नाया पोल्याना या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. सेवास्तोपोलच्या युद्धकथांनी त्याचं नाव झालेलं होतं. मुलांना निबंध लिहायला सांगितले की ती ढिम्म बसत. एके दिवशी त्याने एक म्हण घेतली, चमच्याने भरवतो आणि त्याच चमच्याच्या देठाने डोळ्यात खुपसतो, अशा अर्थाची. दारी आलेल्या भिकाऱ्याला घरात घ्यायचं आणि मग उपकार काढून दाखवायचे, तसलं. यावर गोष्ट लिहा म्हटल्यावर मुलं त्यालाच म्हणाली, तुम्हीच लिहा. तो लिहायला बसला आणि मुलं खुर्चीच्या पाठीवरून डोकावू लागली. थोड्याच वेळात ती त्याच्या चुका काढायला लागली. म्हातारा असं बोलणार नाही, बायको तसं करणार नाही. बाकीची कंटाळून गेली तरी सेम्का आणि फेद्का ही दोघं रात्री अकरापर्यंत हलली नाहीत.

फेद्का दहा-अकरा वर्षांचा. गोष्टीत एक शेजारी घाईने घराबाहेर येतो. त्याच्या अंगावर बाईचा कोट असू दे, असं फेद्काने सांगितलं. बाईचाच का, हे टॉलस्टॉयला आधी उमजेना. मग लक्षात आलं, की घाईत खुंटीवर हाताला जे लागलं ते त्याने अंगावर ओढलं, आणि त्या एका कोटाने ती झोपडी, ते दारिद्र्य, ती रात्र सगळं उभं राहिलं. शिकवून येणारी ही गोष्ट नव्हे. 1862 मध्ये त्याने यावर जो लेख लिहिला त्याचं शीर्षकच विचारतं की लिहायला कोणी कोणाकडून शिकायचं, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून.

या हकिकतीतला पुढचा भाग आमच्या विषयाला फार जवळचा. लिहून झालेले ते ताव गेले. मुलांमध्ये त्या दिवसांत कागदाच्या घड्या घालून फटाक्यासारखा आवाज काढणाऱ्या फटाकड्या करायचं वेड आलं होतं. त्या फटाकड्यांत गोष्टीचे कागद गेले आणि सकाळी शेगडीत जळले. टॉलस्टॉय हबकला. कुठल्याही गोष्टीचं एवढं वाईट वाटलं नव्हतं, असं तो लिहितो. फेद्का आणि सेम्का यांनी हे पाहिलं, आणि सांगितलं की आम्ही दोघंच पुन्हा लिहितो, आज इथेच झोपतो. त्याच्या अभ्यासिकेचं दार आतून लावून ती दोघं मध्यरात्रीपर्यंत लिहीत बसली. घडी आणि गोष्ट यांची तिथे अशी गाठ पडली, एकीने दुसरी जाळली.

आपल्या शाळेत फेद्काला किती गुण मिळाले असते? आपल्याकडे मराठीच्या पेपरात आत्मवृत्त हा हमखास प्रश्न. पण कोणाचं? फाटक्या छत्रीचं, पडक्या किल्ल्याचं, नदीचं, जुन्या खुर्चीचं. दहा वर्षांच्या मुलाने छत्रीच्या वतीने गळा काढायचा, स्वतःच्या वतीने मात्र एक ओळ लिहायची नाही. जोडीला 'मी पंतप्रधान झालो तर' आणि 'सूर्य उगवला नाही तर'. पाऊस कसा पडला ते सांगायचं तर 'आकाशात काळ्या ढगांनी गर्दी केली होती' हे तोंडपाठ. घरात कुठे कुठे पातेली लावली होती ते लिहायचं नसतं, हे मुलाला कोणी न सांगता कळलेलं असतं. "खरीच लिहायची का?" हा प्रश्न येतो तो इथून.

फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने यावर यंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती. वर्गात तास न् तास बोलणं त्याला झेपत नसे. 1920 मध्ये तो दक्षिणेतल्या बार-स्यूर-लू या डोंगरातल्या गावी शिक्षक झाला. मुलं वर्गात गोगलगायी आणत, त्यांची शर्यत लावत. फ्रेनेने धडा बाजूला ठेवून शर्यतीचीच हकिकत फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पण संध्याकाळी फळा पुसला जातो. म्हणून 1924 च्या सुमारास त्याने एक छोटं हातछपाईचं यंत्र घेतलं. मुलं एकेक खिळा वेचून स्वतःचं वाक्य जुळवत, शाई लावत, छापत. ती छापील पानं दुमडून, एकत्र बांधून वर्गाचं 'जीवनपुस्तक' होई, आणि तेच वाचनाचं पुस्तक. ब्रेताँयमधल्या त्रेगंक इथल्या शाळेशी अदलाबदल सुरू झाली. डोंगरातली मुलं आपली पानं पाठवत, समुद्रकाठची मुलं आपली. सरकारी शाळेतून पुढे त्याला बाहेर पडावं लागलं आणि 1935 मध्ये त्याने व्हाँस इथे स्वतःची शाळा काढली.

फ्रेनेची खरी कामगिरी यंत्र आणण्यात नाही, वाचक आणण्यात आहे. मुलाचं लेखन तोवर एकच माणूस वाचत असे, शिक्षक, आणि तोही चुका काढायला. फ्रेनेने त्याला शेकडो मैलांवरचा दहा वर्षांचा वाचक दिला. त्या वाचकाला खरंच ठाऊक नसतं की डोंगरातली ऑलिव्हची फळं कशी उतरवतात.

आपल्याकडे छापखान्याचं काम हस्तलिखिताने केलं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. रोजचं दैनिक, तेही हाताने! पुढे 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक काढलं, आणि 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. लहानपणच्या घडलेल्या गोष्टी, रात्रीमागून रात्र, एका बैठकीत मावतील अशा. मराठीत स्वतःचं बालपण सांगायचा नमुना तिथे पडला. एवढंच की सांगणारा मोठा झालेला श्याम आहे. लहान श्यामच्या हातात कागद अजून आलेला नव्हता.

शाळेच्या वार्षिक हस्तलिखितात तो यायला हवा होता. हस्तलिखित ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आठवेल. ड्रॉइंगच्या जाड कागदाची पानं, चारी बाजूंनी वेलबुट्टी, चित्रकलेच्या सरांनी रंगवलेलं मुखपृष्ठ. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. आत लेख वीस-पंचवीस मुलांचे, पण अक्षर एकाच मुलीचं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. शिक्षकांनी शुद्ध केलेलं, तिने उतरवलेलं, आणि प्रत एकच. ती मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात. ज्याने लिहिलं त्याला ती पुन्हा हातात मिळेल याची शाश्वती नाही. मेहनत आणि हौस यांबद्दल मला हस्तलिखितांचा आदरच आहे, पण मुलाचा हात आणि मुलाची चूक दोन्ही त्यातून गाळून टाकल्यावर उरतं ते शाळेचं पुस्तक.

एकच प्रत असूनही वाचक कसे मिळवावेत हे तेरेझिनच्या मुलांनी दाखवलं. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या त्या वस्तीत 1942 ते 1944 अशी दोन वर्षं तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी 'वेदेम' नावाचं हस्तलिखित साप्ताहिक चालवलं. संपादक पेत्र गिंझ, वय चौदा. शुक्रवारी संध्याकाळी खोलीतली सगळी मुलं एकत्र बसत आणि ज्याने लिहिलं तो वाचून दाखवी. सुमारे 800 पानं भरली. पेत्रला 1944 मध्ये आउशवित्झला पाठवलं, तिथे तो मारला गेला. मागे राहिलेल्या एका मुलाने पानं लपवून ठेवली म्हणून ती वाचली.

सोयरीक जुळली ती विसाव्या शतकाच्या शेवटी, आणि मध्यस्थ होतं झेरॉक्स यंत्र. 1959 मध्ये साध्या कागदावर प्रत काढणारं पहिलं कार्यालयीन यंत्र आलं. सत्तरच्या दशकात लंडन-न्यूयॉर्कच्या तरुणांनी त्यावर स्वतःची चोपडी मासिकं काढली, आणि एका कागदाचं आठपानी पुस्तक त्यांच्या हातांतून खूप फिरलं. आठही पानं कागदाच्या एकाच बाजूला असल्याने प्रत काढणं अगदी सोपं. इंग्लंडमध्ये पॉल जॉन्सन या पुस्तक-कलावंताने ते वर्गात नेलं. 1990 च्या 'अ बुक ऑफ वन्स ओन' या त्याच्या पुस्तकात लिहायला शिकवायचं ते पुस्तक करायला शिकवूनच, असा त्याचा आग्रह दिसतो. पान समोर असलं की मूल विचारतं, इथे काय येईल? कोऱ्या वहीत हा प्रश्न पडत नाही, कारण वहीला शेवट नसतो.

पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी कागदाच्या घड्यांची अनेक खेळणी मुलांच्या हाती दिली. त्यातलं एक, बोटांनी फिरवलं की आतून नवी बाजू वर आणणारं फ्लेक्सॅगॉन. त्याचा जन्मही मजेचा: 1939 मध्ये प्रिन्स्टनला आलेल्या आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याच्या फायलीत अमेरिकन कागद मावेनात, म्हणून त्याने कडा कापल्या आणि उरलेल्या पट्ट्यांना चाळा म्हणून घड्या घातल्या. फ्लेक्सॅगॉनवर पाणी-वाफ-ढग-पाऊस असं चक्र छान बसतं, ते फिरतच राहतं. मुलाच्या बाबतीत घडलेल्या प्रसंगाला मात्र ते चालत नाही. त्याला सुरुवात लागते, आणि सहाव्या पानावर थांबावं लागतं. मामाच्या गावाला जायला निघालेलं मूल पहिल्या दोन पानांत एसटी स्टँडवरच रेंगाळलं तर गाव चार पानांत उरकावं लागतं, हे त्याला कोणी न सांगता कळतं. कुठे रेंगाळायचं आणि कुठे पळायचं, ही गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाची अडचण. इथे ती आठव्या वर्षीच समोर येते.

आता त्या जुन्या खोडीकडे. उपक्रम म्हणून घडीचं पुस्तक बऱ्याच शाळांत पोचलं आहे. फळ्यावर बाई लिहून देतात: पान एक, माझे नाव, पान दोन, माझे कुटुंब, पान तीन, माझी शाळा, पान चार, माझा आवडता सण. चाळीस मुलं, चाळीस पुस्तकं, गोष्ट एक. कडांना चमकी लावलेली, प्रदर्शनात सुरेख दिसणारी. आदम-ईव्हची नक्कल करणाऱ्या त्या अमेरिकन मुलांपेक्षा आपण फार पुढे गेलो आहोत असं मला वाटत नाही. ज्या बाईंनी "तुला कधी खूप भीती वाटली होती का?" एवढंच विचारलं आणि मग गप्प राहिल्या, त्यांच्या वर्गात वेगळं काही निघतं. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर हिने 1963 च्या 'टीचर' या पुस्तकात हेच सांगितलं आहे. मुलाला ज्या शब्दाची भीती वाटते किंवा ओढ वाटते, तो शब्द ते एकदा पाहून वाचायला शिकतं. कोणाचा शब्द भूत, कोणाचा आई. पुस्तकातल्या नीटनेटक्या घरातले शब्द मात्र महिनाभर घोटूनही निसटतात.

अर्थात भीतीबद्दल विचारायचं तर उत्तर ऐकायची तयारी हवी. कोणाच्या पुस्तकात दारू पिऊन आलेले बाबा येतील, कोणाच्या पुस्तकात ऊसतोडीला गेलेली आई आणि मागे राहिलेली आजी. हे पुस्तक भिंतीवर लागणार आहे की मुलाच्या खिशात राहणार आहे, हे लिहिण्याआधीच त्याला सांगायला हवं, आणि निर्णय त्याचा असायला हवा. ब्राँटे भावंडांचं बारीक अक्षर याच कामाचं होतं. आणि मूल घरी जी भाषा बोलतं, वारली असो, अहिराणी असो की कोरकू, तिच्यातलं वाक्य तिच्यातच राहू द्यावं. फेद्काच्या बाईच्या कोटाचं प्रमाण भाषेत शुद्धीकरण केलं असतं तर काय उरलं असतं?

शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एक विनंती. डिसेंबरात हस्तलिखिताचा विषय निघाला की यंदा लाल पेन बाजूला ठेवा आणि ज्याचं अक्षर जसं आहे तसं राहू द्या. मुलांना पेन्सिलीने नाही, काळ्या बॉलपेनने लिहायला सांगा, कारण पेन्सिल झेरॉक्सवर पुसट येते. कागदाच्या चारी कडांना अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडायला लावा, यंत्र कडा खातं. ज्या मुलांची परवानगी असेल त्यांची पुस्तकं उलगडून कोपऱ्यावरच्या दुकानात न्या. पुस्तकामागे एकच कागद लागतो, एकाच बाजूला, तेव्हा खर्च दोन-चार रुपयांच्या वर जात नाही. शेजारच्या गावच्या शाळेशी आधी बोलून ठेवा, म्हणजे गठ्ठा पाठवता येईल आणि तिकडून त्यांचा मागवता येईल. घडी कशी घालायची ते त्या मुलांना पत्रातून समजावून सांगण्याचं काम मात्र तुमच्या मुलांवरच सोपवा.